असून नसलेली दुकाने

— तृतीय वर्ष कला

‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ ही म्हण आपण शोधणाऱ्याच्या वेंधळेपणाला हसण्यासाठी वापरतो. परंतु त्या कळशाला वाचा फुटली असती, तर त्याचीही काही तक्रार असती. ‘‘अहो, मी इथेच आहे, पण मला कुणी पाहतच नाही!’’ आजच्या काळात अशी तक्रार करणारे कळसे पुष्कळ झाले आहेत, आणि आश्चर्य म्हणजे त्यांतले बरेचसे संगणक व इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय करणारे आहेत. जगाला तंत्रज्ञान विकणारी ही मंडळी खुद्द इंटरनेटवर सापडत नाहीत. असे का होते, हे समजून घेण्याचा योग मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आला. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी हा विषय का वाचावा, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याचे उत्तर शेवटी देईन.

सुट्टीत मी सांगलीला मावशीकडे गेले होते. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळी भावंडे दादा म्हणतो, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, कामाला चार मुले आणि स्वतः दादा. विहिरीवरची मोटार घरी बसून मोबाईलवरून चालू-बंद करता यावी, असे यंत्र तो बनवतो. आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री उठून, हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून विहिरीवर जाणे म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको. ती रात्रीची फेरी वाचवणारे हे यंत्र आहे.

पण दादा उदास होता. ‘‘ज्यांनी मशीन घेतलं ते खूश आहेत,’’ तो म्हणाला, ‘‘पण नवीन फोनच येत नाहीत. पैसे मोजून वेबसाइट करून घेतली, ती कुणाला दिसतच नाही. असंच चाललं तर पाडव्यानंतर दोन पोरांना घरी बसवावं लागेल.’’

मी माझा मोबाईल काढला. आमचे मामा जसे शोधतील तसे शब्द लिहिले, ‘मोटार मोबाईलवरून चालू करायचे मशीन’. दहा-वीस दुकाने आली, दादाचे नाही. मग त्याच्या कारखान्याचे पूर्ण नाव लिहिले. तरीही नाही! घराच्या दारात उभे राहून हाक मारावी आणि आतून ओ येऊ नये, तसा हा प्रकार होता. त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस आम्ही दोघे याच एका कोड्यामागे लागलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडते.

शोधयंत्र म्हणजे काय?

आपल्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात कार्डांचे एक जुने लाकडी कपाट आहे. पुस्तक नवे आले की ग्रंथपाल ते चाळतात, लेखक, नाव आणि विषय यांची कार्डे तयार करतात आणि ती अक्षरक्रमाने लावतात. वाचक प्रत्येक पुस्तक उघडून पाहत नाही. तो कार्ड पाहतो. ज्या पुस्तकाचे कार्ड झाले नाही, ते कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नसतेच. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देणे ही ग्रंथालयाची जबाबदारी आहे, असा त्यांतील एकाचा आशय आहे.

गूगलसारखे शोधयंत्र हेच काम करते. त्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात त्याचा यांत्रिक वाचक एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर, असा इंटरनेटभर भटकतो व पाने वाचतो. दुसऱ्या टप्प्यात कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची एक प्रचंड सूची तयार होते. तिसऱ्या टप्प्यात आपण प्रश्न विचारताच त्या सूचीतून पाने निवडून क्रमाने मांडली जातात. आपण इंटरनेट शोधतो असे म्हणतो, ते खरे नव्हे. आपण सूची शोधतो. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढच्या सर्व चुका समजतात. कुठे यांत्रिक वाचकाला आत येता आले नाही, कुठे आत येऊन त्याला वाचता आले नाही, आणि कुठे वाचूनही बोध झाला नाही.

पहिली चूक: आतून कडी

दादाच्या बाबतीत हीच घडली होती. संकेतस्थळाचे काम चालू असताना अर्धवट पाने लोकांना दिसू नयेत, म्हणून कारागीर यंत्राला ‘सूचीत घेऊ नकोस’ अशी सूचना पानाच्या आत लिहून ठेवतात. वर्डप्रेस या प्रसिद्ध साधनात तर त्यासाठी एका चौकटीत नुसती खूण केली की झाले. काम संपल्यावर ती खूण काढायची असते. दादाच्या कारागिराने ती काढली नव्हती. दुकान सजले, उद्‌घाटन झाले, पेढे वाटले गेले, पण दाराची कडी आतूनच राहिली.

याचाच एक भाऊ म्हणजे संकेतस्थळाच्या दारावरची पाटी. यांत्रिक वाचकांनी कोणत्या खोल्यांत जाऊ नये हे सांगणारी एक छोटी फाईल दारावर ठेवण्याचा प्रघात १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी सुचवला आणि २०२२ साली त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकांत स्थान मिळाले. या फाईलमध्ये एक तिरपी रेघ चुकीच्या जागी पडली, तरी संपूर्ण संकेतस्थळाला प्रवेशबंदी होऊ शकते.

ही चूक तपासणे अगदी सोपे आहे. गूगलच्या शोधपेटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम व लगेच आपला पत्ता लिहावा. सूचीत असलेली आपली पाने समोर येतात. एकही आले नाही, तर कडी आतून आहे असे समजून तपासाला लागावे. शिवाय गूगलचे सर्च कन्सोल नावाचे मोफत साधन आहे. कोणते पान सूचीत आहे, कोणते नाही व का नाही, हे ते सांगते. दादाने त्याचे नावही ऐकले नव्हते.

दुसरी चूक: अक्षरांऐवजी चित्र

कडी निघाली तरी प्रश्न संपला नाही. दादाच्या यंत्राची सगळी माहिती, किंमत आणि उपयोग एका रंगीत पत्रकाच्या छायाचित्रात होते. माणसाला चित्रातली अक्षरे दिसतात. यंत्राने ती वाचावीत आणि मजकूर म्हणून सूचीत घ्यावीत, यावर मात्र विसंबता येत नाही. त्याच्या दृष्टीने त्या पानावर एक चित्र होते आणि बाकी शुकशुकाट.

मराठीच्या बाबतीत ही चूक आणखी एका वाटेने येते. जगातील सर्व लिप्यांना एकच सामाईक संकेतव्यवस्था देणारे युनिकोड १९९१ साली आले व त्यात देवनागरीही होती. परंतु आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत त्याआधीच्या घडणीचे टंक पुढे कितीतरी वर्षे चालत राहिले. त्या टंकांत ‘क’ दिसतो खरा, पण संगणकाच्या पोटात तो एखादे रोमन अक्षर म्हणून साठवलेला असतो. अशा टंकातील मजकूर संकेतस्थळावर चिकटवला, की यंत्राला त्यात मराठी न दिसता निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. आपली कितीतरी मराठी पत्रके आणि अहवाल अशाच मुक्या अवस्थेत पडून आहेत. मजकूर निवडून तो शोधपेटीत चिकटवून पाहावा. तिथे मराठीच उमटली तर ठीक.

तंत्रज्ञ मंडळी याच चुकीची एक आधुनिक आवृत्ती काढतात. त्यांचे पान उघडताना रिकामे असते आणि मजकूर नंतर वाचकाच्या संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीतून भरला जातो. गूगलचा यांत्रिक वाचक अशा आज्ञा आता चालवू शकतो. परंतु सगळेच यांत्रिक वाचक तसे करत नाहीत, आणि आज्ञावली मध्येच अडली तर गूगललाही कोरेच पान मिळते. महत्त्वाचा मजकूर पानाबरोबरच यावा, हा साधा नियम पाळणे चांगले.

तिसरी चूक: आपलीच भाषा

ही सर्वांत मोठी चूक, आणि तंत्रज्ञान विकणाऱ्यांची खास.

दादाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘शेतीसाठी इंटेलिजंट आयओटी सोल्यूशन्स’. त्याखाली ‘नावीन्य, गुणवत्ता, विश्वास’. मी विचारले, ‘‘दादा, तुला फोन करणारे शेतकरी काय विचारतात?’’ तो हसून म्हणाला, ‘‘ते विचारतात, लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू होते का? विहिरीतलं पाणी संपलं तर मोटार जळणार नाही ना? रेंज नसली तर काय?’’ यांतला एकही शब्द त्याच्या संकेतस्थळावर नव्हता. पाणी संपल्यावर मोटार बंद पडण्याची सोय यंत्रात होती. पण पानावर तिचे नाव होते ‘ड्राय रन प्रोटेक्शन’. शेतकरी एका नावाने हाक मारत होता आणि यंत्र दुसऱ्याच नावाला ओ देत होते.

ही केवळ दादाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत जॉर्ज फर्नास व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करून १९८७ साली तो प्रसिद्ध केला. एकाच वस्तूला किंवा क्रियेला दोन माणसे आपापल्या मनाने नाव देऊ लागली, तर दोघांचे नाव जुळण्याची शक्यता पाचांत एकापेक्षाही कमी असते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपल्याला जो शब्द अगदी स्वाभाविक वाटतो, तो दहांपैकी आठजणांना सुचतच नाही! त्यातून एकच मार्ग निघतो. गिऱ्हाइकाचे शब्द ऐकून, टिपून घ्यायचे आणि तेच लिहायचे.

दुसरी गोष्ट ‘नावीन्य, गुणवत्ता, विश्वास’ यांची. शोधशास्त्राचा एक पायाभूत विचार कॅरन स्पार्क जोन्स या इंग्लिश विदुषीने १९७२ साली मांडला. जो शब्द असंख्य लेखांत येतो, तो लेखालेखांतला फरक दाखवायला निरुपयोगी असतो. जो मोजक्याच लेखांत येतो, तोच नेमके बोट ठेवतो, असा तो विचार आहे. वर्गात ‘हुशार विद्यार्थी’ म्हणून हाक मारली तर कुणीच उठणार नाही, किंवा सगळेच उठतील. ‘तिसऱ्या बाकावरची चष्मेवाली’ म्हटले तर एकच उठेल. ‘सर्वोत्तम सेवा’ आणि ‘नावीन्यपूर्ण उपाय’ हे शब्द लाखो संकेतस्थळांवर आहेत. ते लिहिणे आणि न लिहिणे सारखेच. ‘विहिरीवरची मोटार’ हे शब्द मात्र दादाला हजारांतून वेगळा काढतात.

चौथी चूक: सगळ्या पानांना एकच नाव

प्रत्येक पानाला एक शीर्षक असते. शोधाच्या निकालात आपल्याला पहिल्यांदा दिसते ते बहुधा तेच. दादाच्या पाचही पानांचे शीर्षक ‘होम’ होते. ग्रंथालयातल्या पाच पुस्तकांच्या कण्यांवर नुसते ‘पुस्तक’ असे छापावे, तसे हे झाले. शिवाय चार वेगवेगळी यंत्रे एकाच पानावर कोंबलेली होती. एका वस्तूला एक पान, आणि त्या पानाला त्या वस्तूचे नाव, ही शिस्त फुकट मिळते. तरी ती फार थोडे पाळतात.

पाचवी चूक: पत्ता बदलला, कुणाला कळवले नाही

पुष्कळ कंपन्या दोन-तीन वर्षांनी संकेतस्थळाला नवे रूप देतात. त्यात जुन्या पानांचे पत्ते बदलतात. इतरांनी दिलेले दुवे आणि सूचीतील नोंदी मात्र जुन्याच पत्त्यावर जातात आणि तिथे ‘पान सापडले नाही’ ही पाटी भेटते. घर बदलताना आपण टपाल कचेरीत नवा पत्ता देतो, त्याप्रमाणे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे वळवण्याची सोय संगणकात आहे. ती न केल्यामुळे वर्षांची ओळख एका दिवसात पुसली जाते. त्यातच दुकानाचे नाव एका ठिकाणी एका प्रकारे, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारे, आणि दूरध्वनी क्रमांक तिसराच असेल, तर ही सर्व एकच असामी आहे हे यंत्राने ओळखावे कसे? नकाशावर दिसण्यासाठी गूगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. त्या नोंदीतले नाव, पत्ता व क्रमांक संकेतस्थळाशी जुळते ठेवावेत.

सहावी चूक: मोबाईलचा विसर

संकेतस्थळ बनवणारा मोठ्या पडद्यासमोर बसलेला असतो. पाहणारा बांधावर उभा राहून मोबाईलवर पाहत असतो. पान तयार करताना पाहायचे ते याच माणसाच्या हातातल्या पडद्याकडे. गूगलने २०१६ साली जाहीर केले की, यापुढे पानाचे मोबाईलवरचे रूप प्रमाण मानून सूची तयार केली जाईल. २०२३ पर्यंत हे संक्रमण पूर्ण झाले. जो मजकूर मोबाईलवर जागा नाही म्हणून गाळला, तो सूचीतूनही गळाला असे समजावे. दादाच्या पानावरचे एक भले मोठे छायाचित्र उमटेपर्यंत मावशीचा चहा पिऊन झाला होता. एवढा वेळ परके गिऱ्हाईक थांबत नाही.

सातवी चूक: ओळखीशिवाय मोठेपण, किंवा विकतची ओळख

१९९८ साली लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी गूगल स्थापन केली, ती एका विद्यापीठीय कल्पनेवर. ज्या ग्रंथाचा इतर विद्वान संदर्भ देतात तो महत्त्वाचा. तसेच ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, आणि बोट दाखवणारा स्वतः जितका वजनदार तितके त्याच्या मताला वजन अधिक. आज क्रम ठरवताना इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, परंतु हे तत्त्व अद्याप जिवंत आहे. दादाच्या संकेतस्थळाकडे कुणाचेच बोट नव्हते. ज्या कृषिप्रदर्शनांत तो दोनदा गेला, त्यांच्या यादीतही त्याने आपला पत्ता दिला नव्हता.

याउलट काहीजण ही ओळख विकत घेतात किंवा यंत्राला फसवू पाहतात. त्याचे परिणाम मोठमोठ्यांनी भोगले आहेत. २००६ साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे पान दाखवत असल्याचे उघड झाले, तेव्हा गूगलने ते काही दिवस सूचीतूनच काढून टाकले. २०११ साली अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचा वरचा क्रम ठिकठिकाणच्या असंबद्ध पानांवर पेरलेल्या दुव्यांमुळे आहे, हे न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले आणि तिला खाली ढकलण्यात आले. पानाच्या पोटात शोधशब्दांची छुपी यादी लिहून ठेवण्याची जुनी युक्तीही व्यर्थ आहे. क्रम लावताना आपण ती पाहत नाही, हे गूगलने २००९ सालीच सांगून टाकले. तेव्हा ‘पंधरा दिवसांत पहिला क्रमांक मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. अशी हमी कुणालाच देता येत नाही.

आता तर प्रश्न विचारला की पानांची यादी देण्याऐवजी यंत्र स्वतःच उत्तर रचून देऊ लागले आहे. म्हणून या चुका जुन्या झाल्या असे कुणी समजू नये. ते उत्तरही कुणीतरी लिहिलेल्या मजकुरातूनच घडते. जो वाचताच आला नाही, तो मजकूर त्या उत्तरात कुठून येणार?

मग पुढे काय झाले?

आम्ही प्रथम कडी काढली. मग दोन संध्याकाळ बसून, फोनवर शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न दादाला आठवतील तसे वहीत उतरवले. त्यांचीच शीर्षके झाली आणि उत्तरे दादाने आपल्या बोलीत सांगितली. मी फक्त शुद्धलेखन पाहिले, तेही बेताचेच, कारण ‘लाईट’ला ‘वीजपुरवठा’ केले असते तर शोधणारा पुन्हा चुकला असता. पत्रकाच्या चित्राशेजारी साधा मजकूर आला. पाच पानांना पाच नावे मिळाली. मावशी म्हणाली, ‘‘एवढ्यासाठी शिकलेली माणसं लागतात होय?’’

मी परत आल्यावर तीनेक आठवड्यांनी दादाचा फोन आला. जत तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारणा केली होती आणि सुरुवातच अशी केली होती, ‘‘पाणी संपल्यावर मोटार बंद पडते, असं लिहिलंय ते खरं आहे का?’’ त्यानंतर अधूनमधून असे फोन येत आहेत. दादा श्रीमंत झाला, असे मी म्हणणार नाही. यंत्र वाईट असते तर सापडूनही उपयोग नव्हता. पण पाडव्यानंतर चारही मुले कामावर आहेत, एवढे खरे.

आता सुरुवातीला राखून ठेवलेले उत्तर. वर ज्या कॅरन स्पार्क जोन्स यांचा उल्लेख केला, त्या केंब्रिजमध्ये प्रथम इतिहासाच्या व नंतर तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनी होत्या. शब्दाचा अर्थ काय, तो कोणासाठी, किती नेमका, हे प्रश्न घेऊन त्या संगणकाकडे गेल्या, आणि आजच्या शोधयंत्रांच्या पायात त्यांचा दगड बसला. दादाच्या सात चुकांपैकी कडी, टंक व पत्ता या चुका तंत्रज्ञ दुरुस्त करील. परंतु समोरच्याचा शब्द ऐकणे, पोकळ विशेषणे खोडणे, प्रत्येक गोष्टीला तिचे खरे नाव देणे, हे शिक्षण आपल्याला वर्गात निबंधाच्या वहीवरच्या लाल शाईने मिळत असते. मराठीच्या पदवीचा उपयोग काय, असे आपल्याला घरीदारी विचारले जाते. पुढच्या वेळी कुणी विचारले, तर मी त्यांना सांगलीच्या त्या पत्र्याच्या शेडचा पत्ता देणार आहे. तो आता इंटरनेटवर सापडतो.